शिलिंगावरचं पाखरू

चावीवालीशी वाकडं घ्यायला गल्लीत कुणी धजत नसे. ज्या बाईला तुमच्या दाराचं कुलूप तुमच्याआधी उघडता येतं, तिच्याशी कोण कशाला भांडेल? पुलाखालच्या खोक्यात तिचं दुकान. पुढ्यात चाव्या कापायचं यंत्र, मागे खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या चाव्या, आणि मध्ये ती, डोळ्याला भिंग लावून बसलेली. साठी उलटली होती, पण हात कापत नव्हता आणि जीभ तर मुळीच नाही. कुणी म्हणालं, "ताई, जरा कमी करा की," तर उत्तर ठरलेलं: "करते ना. चावीचे दोन दात कमी करू?"

एवढी खमकी बाई, पण एकदा चांगली तोंडावर आपटली. आणि पाडलं कुणी? तिच्याच हौसेनं.

तर आधी आप्पा. आप्पा म्हणजे तिचे वडील, हाडाचे शिंपी. मिसरूड फुटायच्या वयात शिलाई मशीनचं डोकं खोक्यात घालून ते समुद्रापलीकडे गेले, थेट आफ्रिकेत, तांब्याच्या खाणींच्या एका गावात. तेव्हा त्या मुलखाला ऱ्होडेशिया म्हणत आणि राज्य होतं गोऱ्या साहेबाचं. आप्पांनी तिथं खाणकामगारांच्या विजारी शिवल्या, संसार थाटला, दोन पोरं झाली. दरम्यान साहेबानं तीन मुलूख एकत्र बांधून त्यांचा संघ केला आणि नवी नाणी पाडली. मग संघाची शिवण उसवली. एकाचा झांबिया झाला, एकाचा मलावी, आणि तिसरा बरीच वर्षं रक्त सांडून शेवटी झिम्बाब्वे झाला. तोवर आप्पा बिऱ्हाड आवरून परत आले होते. साहेबाच्या राज्यातून त्यांनी काय आणलं म्हणाल, तर तेच मशीनचं डोकं आणि बटणांचा एक डबा. त्या डब्यात बटणांमध्ये मिसळलेली नाणी.

नाणी कसली, नुसती झिजून गुळगुळीत झालेली. वसाहतीच्या पेनीला मधोमध भोक आणि भोवती गुलाब. संघाच्या पेनीलाही भोक, पण बाजूंना दोन हत्ती. मलावीच्या सहा पेन्सवर कोंबडा, झांबियाच्या शिलिंगावर मोठ्या चोचीचा धनेश. आणि वसाहतीच्या शिलिंगावर एक दगडी पाखरू. त्या मुलखातल्या जुन्या पडक्या नगरीत असली पाखरं सापडली होती म्हणे. साहेबानं ते उचललं आणि आपल्या राजाच्या मुंडक्यामागे छापलं.

काचबिंदूनं आप्पांची नजर गेली तेव्हापासून हा डबा म्हणजे त्यांचं वर्तमानपत्र झालं होतं. चावीवाली दुपारी जेवायला घरी यायची, आप्पांच्या मांडीवर एक जुना टॉवेल अंथरायची आणि डबा त्यावर पालथा करायची. मग आप्पांची बोटं चालू. बटणं बाजूला, नाणी बाजूला. एकेक नाणं अंगठ्याखाली फिरवायचे आणि बोलायचे. नाणं हातात नसलं की आप्पा तासन्‌तास गप्प. बायको गेल्यापासून तर त्यांना आपणहून बोलायला सुचतच नसे. पण हातात ते हत्ती आले की माणूस तिशीचा व्हायचा.

"हे पाखराचं," आप्पा सांगत. "एक कामगार यायचा माझ्याकडे, उंच, थोटा. करंगळी नव्हती. म्हणायचा, मास्तर, असा खिसा शीव की खाणीच्या फाटकावरच्या साहेबाला सापडता कामा नये. त्यांची साहेबाविरुद्ध सभा-बिभा असायची ना, त्याची कागदं न्यायची असायची. साहेब रोज फाटकात हात वर करायला लावून झडती घ्यायचा. मी कंबरपट्टीच्या आत असा चोरखिसा दिला, असा दिला, की पुढे खुद्द त्यालाच सापडेना!"

ही गोष्ट चावीवालीनं इतक्यांदा ऐकली होती की थोट्याची करंगळी कधी डावी असते आणि कधी उजवी, हेही तिला पाठ होतं. पण ती कधी टोकायची नाही. बापाला ऐकू जाईल असं हसायची आणि पुन्हा दुकानात जायची.

नाण्यांचं वेड तिला लागलं ते यातूनच. तिकडेच जन्मलेली पोर ती, आठवत काही नव्हतं, पण डब्यातली गोष्ट अर्धी आहे हे तिला खटकायचं. झिम्बाब्वेचं नाणं आप्पांकडे नव्हतंच. तिनं जुन्या बाजारात खेटे घातले, बोटीवरच्या खलाशांना फुकट कुलपं दुरुस्त करून दिली, आणि शेवटी एकाकडून ते मिळवलं. दुपारी काही न बोलता आप्पांच्या हातात ठेवलं. आप्पांनी अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला.

"अगं, हे तर तेच पाखरू!"

"तेच."

"साहेब गेला आणि पाखरू राहिलं?" आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

आता असा खजिना घरात असल्यावर तो चारचौघांना दाखवावा असं कुणाला वाटणार नाही? चावीवालीलाही वाटलं. चूक इथंच झाली.

शहरात नाणेसंग्राहकांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचे अध्यक्ष होते दातवाले डॉक्टर. दवाखाना बंद करून ते नाण्यांकडे वळले होते, पण सवयी दवाखान्यातल्याच. नाण्याला उघडा हात लावायचा नाही, पांढरे हातमोजे घालायचे. टाकसाळीतून निघालं आणि कुणाच्या हाती लागलं नाही ते नाणं खरं, बाकी सगळी किडकी. चावीवाली दर वर्षी प्रदर्शनासाठी डबा घेऊन जायची आणि डॉक्टर दर वर्षी नाक मुरडायचे. "ताई, भावना समजते हो. पण यांना झीज फार आहे."

"चालणाऱ्याच्याच चपला झिजतात, डॉक्टर," ती म्हणायची आणि तणतणत घरी यायची.

यंदा मात्र नवल घडलं. मंडळाला काचेचं मोठं कपाट मिळालं आणि त्याला कुलूप बसवायला डॉक्टर स्वतः पुलाखाली आले. कुलूप बसवून झाल्यावर म्हणाले, "वसाहतीपासून तिन्ही नव्या देशांपर्यंतची अशी साखळी इथं कुणाकडेच नाही. मधलं कपाट तुमचं. फक्त नाणी डबीबंद करून द्यावी लागतील. नियम आहे."

चावीवालीला आभाळ ठेंगणं झालं. तिचा धाकटा भाऊ तर तिच्याहून खूश. तो विम्याच्या कचेरीत साहेब होता, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजूनमापून. बहिणीचं पुलाखालचं खोकं त्याला आवडत नसे आणि आप्पांचा डबा त्यानं पोरवयानंतर कधी उघडला नव्हता. पण मंडळ म्हणजे मोठी माणसं! "ताई, आप्पांच्या नावाची पितळी पाटी लागेल कपाटावर. मी बोलतो डॉक्टरांशी, तू फक्त तोंड उघडू नकोस." आणि एकदाच काय ते तिनं भावाचं ऐकलं.

नाणी गेली आणि डबीबंद होऊन प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या वाचून घेण्यापुरती घरी आली. प्रत्येक नाण्याला काचेसारख्या टणक प्लॅस्टिकची चपटी डबी, चारी बाजूंनी वितळवून बंद केलेली. आत दर्जाचं प्रमाणपत्र म्हणून एक चिठ्ठी. पाखराच्या शिलिंगाची चिठ्ठी म्हणत होती: झीज अतिशय, दर्जा कनिष्ठ. चावीवालीला ते टोचलं, पण मधल्या कपाटाच्या आनंदात ती गिळून गेली. दुपारी तिनं सवयीनं आप्पांच्या मांडीवर टॉवेल अंथरला आणि डब्या ठेवल्या.

आप्पांनी एक उचलली. बोटं फिरवली. उलटी केली. कानाशी नेऊन हलवली. काही वाजलं नाही.

"हे काय आहे?"

"नाणं आहे आप्पा, आत. तुमचं पाखरू."

आप्पांनी दुसरी डबी उचलली. मग तिसरी. सगळ्या सारख्या, सगळ्या गुळगुळीत, चौकोनी. हत्ती आणि कोंबडा, गुलाब आणि धनेश, सगळे एकच झाले होते. एका डबीच्या कडेवर त्यांनी नखानं उकरून पाहिलं. मग त्यांनी सगळ्या डब्या हळूहळू टॉवेलाच्या एका बाजूला सारल्या आणि हात मांडीवर ठेवून दिले.

"बरं आहे," ते म्हणाले. "ठेव तिकडे."

बस, एवढंच. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. आयुष्यभर लोकांची बंद दारं उघडली आणि स्वतःच्या आंधळ्या बापाचं एकुलतं एक दार आपण आपल्या हातानं बंद करून आणलं! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. ती पक्कड आणायला उठली तेवढ्यात धाकटा दारात.

"ताई, डोकं फिरलंय का तुझं? उद्या उद्घाटन आहे. डबी फोडली की तिला काडीची किंमत उरत नाही. तमाशा नको करूस. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"एक दिवस. प्रदर्शन संपलं की मी सगळ्या फोडणार."

"बघू," धाकटा म्हणाला आणि डब्या घेऊन गेला. त्याच्या त्या 'बघू'कडे तिनं लक्ष द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं आप्पांना तयार केलं. त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेला जुना कोट मागितला. सभागृहात पहिल्या रांगेत त्यांना बसवलं. ती हत्यारांची पिशवी घेऊनच आली होती, कारण तिथूनच तिला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. समोर मधलं कपाट, वर दिवे, आत तिची नाणी, आणि काचेवर पाटी: 'हात लावू नये.' आप्पांच्या नावाची पितळी पाटीही होती, खोटं कशाला बोलू. लोक वाकून वाकून बघत होते. क्षणभर चावीवालीला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

आप्पा कुजबुजले, "पोरी, कुठं आहेत?"

"समोर, आप्पा. कपाटात."

"मग दे ना हातात."

ती काही बोलणार तोच डॉक्टर ध्वनिक्षेपकापाशी गेले. पांढरे हातमोजे घातलेलेच होते. मंडळाचं, कपाटाचं, देणगीदारांचं कौतुक झालं आणि मग ते म्हणाले, "आणि सांगायला आनंद वाटतो की हा दुर्मीळ संग्रह कुटुंबीयांनी मंडळाला कायमचा दिला आहे. ही नाणी आता याच कपाटात राहतील. यापुढे कोणत्याही मानवी हाताचा त्यांना स्पर्श होणार नाही!"

टाळ्या. चावीवालीनं मान वळवून धाकट्याकडे पाहिलं. धाकटा स्वतःचे बूट न्याहाळत होता.

"तू शब्द दिलास?"

"ताई, आप्पांच्या पश्चात या डब्याचं कोण काय करणार होतं? इथं नीट तरी राहतील. नंतर बोलू."

"आप्पांच्या पश्चात?" तिचा आवाज असा चढला की टाळ्या थांबल्या. "अरे, बाप शेजारी बसलाय तुझा!"

ती उठली आणि सरळ कपाटापाशी गेली. "डॉक्टर, चावी द्या."

"ताई, कृपा करून जागेवर बसा. समारंभ चालू आहे."

"नाणी माझ्या बापाची. मी दिलेली नाहीत, त्यांनी दिलेली नाहीत. चावी देताय का?"

"आता ते शक्य नाही. शब्द दिला गेलाय. रखवालदार!"

आता काय सांगायचं! रखवालदार दुसऱ्या टोकाला चहा पीत उभा होता. त्यानं कप खाली ठेवून इकडे यावं, एवढ्यात चावीवालीनं पिशवीतून दोन तारा काढल्या, कुलपात घातल्या, कान लावला आणि कुलूप उघडून पायाशी ठेवलं. तिनंच बसवलेलं कुलूप होतं ते. दार उघडून तिनं 'हात लावू नये'ची पाटी उचलली, उलटी करून बाजूला ठेवली आणि पहिली डबी बाहेर काढली.

"अहो, कळतंय का काय करताय?" डॉक्टरांचा चेहरा मोज्यांसारखा पांढरा पडला होता. "फोडलीत तर प्रमाणपत्र जाईल!"

"गेलं उडत. चाव्या करते मी, डॉक्टर. लोकांचं बंद पडलेलं उघडून देते. त्यावर तर जगले आजवर."

तिनं डबीचा कोपरा पक्कडीत धरून दाबला. कट्टकन आवाज झाला. दुसरा कोपरा, पुन्हा कट्ट. पहिल्या रांगेतली एक बाई "अगं बाई!" म्हणून किंचाळली. पेनी कपाटाशेजारच्या टेबलावर पडून घरंगळली आणि तो आवाज ऐकून आप्पांनी एकदम मान वर केली.

"गुलाबाची आहे," आप्पा म्हणाले.

"हत्तीची आहे आप्पा," चावीवाली म्हणाली आणि तिला रडू फुटलं. रडत रडतच तिनं पेनी बापाच्या तळव्यावर ठेवली.

"असू दे, असू दे. हत्ती तर हत्ती." आप्पांनी अंगठा फिरवला आणि त्यांचा आवाज सुटला. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवायची जन्माची सवय, त्यामुळे गोष्ट सांगताना ते मोठ्यांदाच बोलायचे, त्यात सभागृह चिडीचूप. डॉक्टरांना ध्वनिक्षेपकावरही एवढा आवाज लागला नव्हता. "हत्तीची पेनी निघाली तेव्हा साहेब म्हणाला, आता तीन मुलूख एक झाले. आमचा थोटा म्हणाला, मास्तर, याच्या मधलं भोक बघ. यातूनच पडणार हा साहेब!"

मागून कुणीतरी हसलं. लोक खुर्च्या सोडून पुढे येऊ लागले. चावीवाली फोडत होती आणि आप्पांच्या हातात देत होती. धनेश आला. मग कोंबडा आला.

"हा कोंबडा," आप्पा थबकले. "हा धाकट्याचा. तो जन्मला तेव्हा मलावीहून आलेल्या एका गड्यानं त्याच्या मुठीत ठेवला. म्हणाला, हे आमचं नवं नाणं, तुझ्या नव्या पोराला. आणि या कार्ट्यानं मूठ अशी आवळली की सोडवता सोडवता आम्हा नवराबायकोला घाम फुटला! ही त्याला म्हणाली, बघा, हा कमावून ठेवणार. मला म्हणायचं होतं, हा हट्टी निघणार. निघाला कुठं? गरीब निघाला पोरगा."

धाकटा तिथंच उभा होता, त्याच इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यानं ही गोष्ट कधी ऐकलीच नव्हती. ऐकायला कधी दुपारचा घरी बसला होता तो? त्यानं आप्पांच्या हाताकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग बहिणीपुढे हात केला.

"ताई, पक्कड दे."

"तुला जमणार नाही."

"दे म्हणतो ना!"

तिनं दिली. त्यानं डबीचा कोपरा चुकीचा धरला, बोट चेमटवून घेतलं, एक शिवी हासडली आणि दुसऱ्या झटक्यात डबी फोडली. आतून पाखराचा शिलिंग निघाला. त्यानं तो स्वतःच्या हातानं आप्पांच्या तळव्यावर ठेवला. आप्पांनी पाखराच्या पाठीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि ते हसले.

रखवालदार येऊन पोचला होता, पण तोही मान पुढे करून ऐकत उभा राहिलेला. डॉक्टरांनी घसा खाकरला. "हे पाहा, झालं ते झालं. तुम्ही प्रदर्शनातून बाद आहात, ते तर उघड आहे. पण निदान हा शिलिंग मंडळाकडे राहू द्या. साखळीतला मूळ दुवा आहे तो. शब्द दिला गेलाय. आजोबा, द्या इकडे." त्यांनी मोजा घातलेला हात पुढे केला.

"कोण मागतंय?" आप्पांनी विचारलं.

"मंडळाचे अध्यक्ष, आप्पा," चावीवाली म्हणाली.

"म्हणजे साहेब?"

"साहेबच म्हणा."

आप्पा काठीवर भार देऊन उठले. उजवा हात कोटाच्या आत गेला, कुठंतरी अस्तरात, शिवणीच्या पोटात, आणि बाहेर आला तेव्हा रिकामा होता. मग त्यांनी काठी मुलीकडे दिली आणि दोन्ही हात डोक्यावर धरून, खाणीच्या फाटकात उभं राहतात तसे, ताठ उभे राहिले.

"घ्या साहेब, झडती," आप्पा म्हणाले. "सापडला तर तुमचा."

डॉक्टरांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग तो त्यांनी मागे घेतला.